तुरटीचं कापड

कापूस हा मूळचाच तहानलेला जीव आहे. समईत घातला तर तेल पितो, जखमेवर ठेवला तर रक्त पितो, अत्तरात बुडवून कानात खोचला तर अत्तर पितो. नको म्हणणं त्याला ठाऊकच नाही. त्याला पाण्याला नको म्हणायला शिकवायचं, हे काम माझ्या जावेची नात पूर्वा हल्ली इचलकरंजीच्या एका प्रयोगशाळेत करते आणि त्याचा तिला पगार मिळतो. आमच्या काळी हेच काम फुकट करावं लागे, असं मी तिला चिडवते.

फाल्गुन सरत आला की ती चार दिवस घरी येते. यंदा येताना तिनं कापडाच्या तुकड्यांची एक चवडच आणली. एक तुकडा भिजत नाही, एकावर डाग बसत नाही, एकाला घामाचा वास येत नाही, एकात म्हणे रोगजंतू वाढत नाहीत. "म्हणजे माणसाला जे जमलं नाही ते सगळं तुझ्या कापडाला जमलं," मी म्हटलं. ती हसली. चमच्यानं तिनं एका तुकड्यावर पाणी सोडलं, आणि अळूच्या पानावर व्हावा तसा त्याचा गोल मोती झाला आणि घरंगळत जमिनीवर पडला. घरातली सगळी वा वा म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत होते. दुपार होती, वारा पडलेला होता, पश्चिमेकडे आभाळ तांब्याच्या भांड्यासारखं काळवंडत चाललं होतं.

ही हवा दर वर्षी येते. आंब्याच्या कैऱ्या सुपारीएवढ्या झालेल्या असतात, शिवारात ज्वारीच्या काढणीनंतरची बुडखी तेवढी उरलेली असतात, कुठेतरी शेवटचं गुऱ्हाळ चालू असतं आणि उसाच्या मळीचा आंबूस वास उन्हात तरंगत असतो. लोकांना या दिवसांत शिमगा आठवतो, पाडवा आठवतो. मला काहीच आठवत नाही, आणि ते काहीच न आठवणं इतकं जड असतं की मी हातातलं काम ठेवून बसून राहते. दात काढताना डॉक्टर सुई टोचतात ना, मग ओठ आपलाच असतो पण आपला वाटत नाही, दुसऱ्या कुणाचा चिकटवल्यासारखा वाटतो. तसं होतं.

लढाईची वर्षं होती. पलूसच्या अलीकडे आमचं गाव. मी साताऱ्याची, वडील फौजेतून निवृत्त झालेले, आणि दिली गेले ती उसाच्या मळ्यात, जिथं दर दोन घरांआड एक माणूस फौजेत होता. आमच्या घरातले म्हणजे माझे मालक. त्यांचं नाव मी तेव्हा घेत नसे आणि आता घ्यायचं म्हटलं तरी जीभ वळत नाही. ज्येष्ठात रजेवर येऊन गेले ते ब्रह्मदेशाच्या बाजूला. ते गेले आणि मला दिवस राहिले. घरात सासू-सासरे, धाकटे दीर आणि जाऊ तारा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, सासऱ्यांना मामंजी. म्हणायची म्हणजे मनात म्हणायची, कारण मामंजींपुढं डोक्यावरचा पदर पुढं ओढून भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं अशी रीत होती. चार वर्षांत त्यांनी माझा चेहरा धड पाहिला नव्हता.

संक्रांतीनंतर गावात उंदीर पडायला लागले. एक पडला, दोन पडले, मग धान्याच्या बळदातून वास यायला लागला. प्लेग म्हणजे काय ते गावाला शिकवावं लागत नसे. पंचांनी दवंडी दिली आणि दोन दिवसांत सगळं गाव उठून माळावर गेलं. ज्वारीचा कडबा, उसाचं पाचट, चार वासे, सुतळी, बस्स, झाली झोपडी. भिंतींनाही कडबा, छपरालाही कडबा. गावात कुणी जायचं नाही, बाहेरचा कुणी आमच्यात यायचा नाही. पहिले काही दिवस पोरांना ती जत्राच वाटली. मलासुद्धा बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला बोलू? रात्री चांदणं कडब्यातून गाळून अंगावर पडायचं आणि पोटातलं पोर लाथा मारायचं.

पण कडब्यातून जे चांदणं गळतं, त्यातून पाणीही गळणार. आत्याबाईंनी बोटांवर महिने मोजले आणि त्यांचा चेहरा उतरला. बाळंतपण फाल्गुनाच्या शेवटी येत होतं, आणि त्या दिवसांत आमच्याकडे गारांचा पाऊस हमखास. सुईण माळावर यायला तयार नव्हती. माहेरी पाठवावं तर प्लेगच्या गावची गरवार बाई कुठली गाडी घेणार? मेणकापड, ताडपत्री सगळं लढाईवर गेलेलं, बाजारात दाखवायलाही नाही.

तेव्हा मी पहिल्यांदा घरात काहीतरी ठासून बोलले. म्हटलं, "आत्याबाई, साध्या कापडाला पाणी धरायला लावता येतं. माझ्या वडिलांना येतं. मला येतं."

वडील फौजेत तंबूच्या कोठारावर होते. निवृत्तीनंतर त्यांना करायला काही नव्हतं, तेव्हा त्यांनी आम्हा भावंडांना तंबू समजून आमच्यावर प्रयोग केले. साताऱ्याचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. शाळेतल्या इतर पोरी इरलं नाहीतर घोंगडं घेऊन यायच्या, आणि आम्ही वडिलांनी केलेले मांजरपाटाचे डगले घालून, साबणाचा वास मारत, कोरड्या. पोरी आम्हाला 'धुण्याच्या बहिणी' म्हणायच्या. रीत सोपी होती. आधी कापड सोड्यात उकळून त्याची खळ काढायची, नाहीतर पुढचं काही धरत नाही. मग साबण किसून गरम पाण्यात विरघळवायचा आणि त्यात कापड मुरवायचं. पिळायचं, आणि ओलं आहे तोवरच तुरटीच्या पाण्यात घालायचं. तिथं साबण आणि तुरटी भेटली की दूध नासल्यासारखं होतं, आणि ते नासलेलं धाग्याधाग्यात शिरून बसतं. मधे थांबायचं मात्र नाही. साबणातलं कापड वाळलं तर पट्टे पडतात आणि पाणी त्या पट्ट्यांतून वाट काढतं.

वडिलांना निरोप गेला. त्यांनी जाड मांजरपाटाचा तागा, साबणाच्या वड्या आणि न्हाव्याच्या पेटीत मावणार नाही एवढा तुरटीचा खडा पाठवला. पोचवणारा माणूस ते सगळं माळाच्या कडेला ठेवून पळाला. आत्याबाईंचा विश्वास बसेना. म्हणून मी आधी एक जुना पंचा करून दाखवला. तो वाळल्यावर मी आणि तारानं चार टोकं धरली, आत्याबाईंनी तांब्याभर पाणी ओतलं, आणि पाणी पंच्याच्या पोटात डुलत राहिलं. खाली थेंब नाही. शेजारच्या रानात जतकडचा एक म्हातारा धनगर मेंढरं बसवायला आलेला होता, तो मनाई न जुमानता बघायला आला. बराच वेळ त्यानं पंच्याखालून हात फिरवला.

"आमच्या लोकरीला त्याल द्येवानं दिलंया," तो म्हणाला. "कापसाचं द्यायचं राह्यलं व्हतं वाटतं. त्ये तुमी देताय."

"माजी सून देतीया," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी पंच्याचं टोक सोडलं आणि सगळं पाणी ताराच्या अंगावर गेलं.

मोठं कापड करायला घेतलं त्या दिवशी सकाळी छान ऊन होतं. खळ आदल्या दिवशीच काढली होती. गुळाच्या काहिलीत साबणाचं पाणी, शेजारी घंगाळात तुरटीचं. मी नवव्या महिन्याचं पोट सांभाळत पाटावर बसले होते आणि तारा उभी राहून कापड वर काढत होती. कापड साबणातून निघालं, आम्ही ते पिळायला घेतलं, आणि लांबच्या बांधावरून टपालवाल्याची हाक आली. तो झोपड्यांकडे यायचाच नाही. बांधावर उभा राहून ओरडायचा, पत्र दगडाखाली ठेवायचा आणि जायचा.

"आबाऽऽ," तो मामंजींना ओरडला, "वाईट बातमी हाय गाऽ. तार आलीया."

मामंजी उठून चालायला लागले. त्यांना तिथवर पोचू द्यायला हवं होतं. पण त्या बिचाऱ्याला तरी कुठला धीर? कुणीतरी त्याला तार वाचून दाखवली होती आणि ते ओझं त्याला लवकर उतरवायचं होतं.

"थोरला पडला गाऽ लढाईत. तुमचा थोरला पडला."

वारं आमच्या बाजूचं होतं, त्यामुळे सगळ्या माळाला एकदमच कळलं. माझ्याआधी पलीकडच्या झोपडीतल्या बाईनं हंबरडा फोडला. आत्याबाई जिथं होत्या तिथंच मटकन बसल्या. ताराच्या हातून कापडाचं टोक सुटलं. मी ते उचललं. राहिलेलं पिळलं, घंगाळात घातलं, तुरटीचं पाणी सगळीकडे लागावं म्हणून दोन्ही हातांनी दाबत राहिले. मधे थांबायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

"आक्का, सोडा त्ये," तारा रडत म्हणाली. "आक्का, आवं ऐकलं का न्हाई तुमी?"

"ऐकलं," मी म्हटलं. "टोक धर."

तिनं धरलं. आम्ही दोघींनी कापड दोरीवर टाकलं आणि सुरकुत्या काढल्या. मग बायका आल्या आणि मला आत घेऊन गेल्या. बांगड्या फुटल्या, कपाळ पुसलं गेलं. "लय धीराची हाय," कुणीतरी म्हणालं. धीर कसला? धीराला आधी भीती लागते. मला काही म्हणजे काहीच वाटत नव्हतं. बाहेर दोरीवरचं कापड हलत होतं आणि त्याच्या सुरकुत्या नीट निघाल्या आहेत का, हे मी कडब्याच्या फटीतून बघत होते.

संध्याकाळी मामंजींनी ते कापड काढून माझ्या झोपडीवर अंथरलं, चारी बाजूंनी खुंट्या ठोकून ताणून बांधलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हातांना काहीतरी हवं असेल. खुंट्या ठोकण्याचा आवाज गरजेपेक्षा पुष्कळ वेळ येत राहिला.

सुतकाचे दिवस मी त्या कापडाखाली पडून काढले. पहाटे दव पडायचं, कापडावर त्याचे थेंब जमायचे आणि ऊन वर आलं की ओघळून कडेनं खाली जायचे. आत एकही नाही. बायका येत, गळ्यात पडत, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत असे. जेवण पुढं आलं की जेवत असे. पोटात बाळ हललं की हात ठेवत असे. आता पुस्तकं वाचणारी माणसं याला काहीतरी नाव देतात. माझ्याकडे तेव्हा नाव नव्हतं. आणि असतं तरी ते मला लागू आहे असं मला वाटलं नसतं. मालक गेले हे मला ठाऊक होतं, जसं विलायत म्हणून एक देश आहे हे ठाऊक होतं.

आमच्याकडे दहाव्याला घरातली प्रत्येक चिंधी धुतात. अंथरूण, पांघरूण, दाराचा पडदा, पोत्यांचे तळवट, सगळं. बातमी कानावर पडली तेव्हा घरात जे जे होतं त्या सगळ्याला सुतक. दहाव्याच्या सकाळी पुरुष नदीवर गेले आणि आत्याबाई, तारा आणि भावकीतल्या बायका ओढ्यावर. जाताना आत्याबाईंनी माझ्या झोपडीवरचं कापड सोडायला घेतलं.

"आत्याबाई," मी आतून म्हटलं, "ते नको. धुतलं की त्यातलं सगळं जाईल."

त्यांचा हात थांबला नाही. "जायलाच पायजे. म्हनून तर धुयाचं."

"पाऊस आला तर धरणार नाही ते."

आत्याबाई झोपडीच्या तोंडाशी आल्या. दहा दिवसांत त्यांचं अर्धं वजन उतरलं होतं. "पोरी," त्या म्हणाल्या, "बातमी आली तवा ह्ये कापड तुज्या हातात व्हतं. सगळ्यात जास्ती सुतक हेलाच हाय. माज्या ल्येकाचं मरान डोक्यावर टांगून त्याचंच ल्येकरू जन्माला घालू व्हय? माजं ल्येकरू गेलं. ह्ये तरी राहू दे मला."

त्या बाईला शास्त्र कळत नव्हतं असं पूर्वाच्या वयाचं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. तिला त्या बाळाची माझ्यापेक्षा जास्त काळजी होती. मला तेव्हा कशाचीच नव्हती.

ओढ्यावर त्यांनी ते सोड्यात उकळलं आणि दगडावर धोपटलं. चांगलं धोपटलं. दुपारी ते परत माझ्या झोपडीवर आलं तेव्हा बगळ्यासारखं पांढरं आणि मऊ होतं, साबणाचा वास गेलेला. मी वर हात करून चिमटीत धरलं तर माझ्या बोटांचा घाम त्यानं लगेच पिऊन टाकला. कापूस पुन्हा कापूस झाला होता. मामंजींना तारानं सांगितलं, त्यांनी साताऱ्याला साबणासाठी परत निरोप धाडला. पलूसच्या बाजारात झोपडीवाल्यांना कुणी उभं करत नव्हतं.

साबण यायच्या आधी ती दुपार आली. वारा पडला, आभाळ तांब्यासारखं झालं, मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहिली, आणि माझ्या कमरेत पहिली कळ उठली. आत्याबाईंनी पाणी तापत ठेवलं, विळा उकळला, ताराला जुनेरं फाडायला बसवलं. त्यांचे हात झरझर चालत होते. पावसाचा पहिला थेंब कापडावर टप्प वाजला तेव्हा त्यांनी वर पाहिलं. थेंब पडला तिथं एक काळा डाग झाला आणि पसरत गेला. शेजारी दुसरा. आत्याबाई डागांकडे बघत राहिल्या. मग गारा आल्या, आणि थोड्याच वेळात ते पाणी कडब्यातून चाळणीसारखं आत उतरलं.

चूल विझली. गोवऱ्या भिजल्या. तारा अंगावरचं पातळ माझ्यावर धरायला गेली, तेही चिंब झालं. तेवढ्यात झोपडीच्या तोंडाशी मामंजी आले. त्यांच्या हातात धनगराचं घोंगडं होतं. बाळंतिणीच्या झोपडीत पुरुषानं पाऊल टाकायचं नसतं, सुनेच्या तर नाहीच नाही. ते पाठमोरे आत आले. तोंड बाहेरच्या पावसाकडे, हात डोक्यावरून मागे, आणि त्या हातांत घोंगडं. त्याची दुसरी बाजू ताराला धरायला लावली. तसे ते उभे राहिले, शेवटपर्यंत. मी किंचाळत होते, गारांचा मार त्यांच्या तोंडावर बसत होता.

"पोरी, घाबरू नगंस," ते पावसाकडे बघत म्हणाले. "मी हाय हितं." ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

मुलगी झाली. रडली, चांगली रडली. आत्याबाईंनी तिला जुनेरात गुंडाळून आपल्या चोळीत धरलं, कारण त्या झोपडीत तेवढी एकच जागा कोरडी होती. मग माझ्याजवळ दिली. मी पाहिलं. नाक मालकांचं होतं. मला काही वाटलं नाही.

पुढचे दिवस ऊन पडलं, पण जमीन ओली ती ओलीच राहिली. शेकाला निखारे धरेनात. चौथ्या-पाचव्या दिवशी पोरीच्या छातीत घुरघुर सुरू झाली. मामंजी डॉक्टर आणायला गेले, डॉक्टर प्लेगच्या वस्तीवर येईना. त्यानं औषध दिलं ते मामंजींनी उराशी धरून आणलं. आत्याबाई पोरीला मांडीवर घेऊन बसून असायच्या. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करायच्या, तिच्या छातीला लावायच्या, पुन्हा गरम करायच्या. तारानं बारशासाठी कुंची शिवायला घेतली होती. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी पोर गेली. मामंजींनी तिला उसाच्या बांधाला नेऊन पुरलं.

तेव्हाही मी रडले नाही. माझं दूध मात्र थांबेना. चोळी भिजायची, वाळायची, पुन्हा भिजायची. अंगाला कळलं होतं. मला कळलं नव्हतं.

"आजी, त्या तुमच्या तुरटीच्या कापडाचं," यंदा पूर्वानं मला विचारलं, "किती धुण्यांपर्यंत टिकायचं गं ते? आमच्याकडे सगळं भांडण तेच आहे. पहिल्यांदा सगळीच चालतात. पाच धुतल्यावर काय, वीस धुतल्यावर काय, ते बघतात."

"एका धुण्यात गेलं," मी म्हटलं.

"मग काही उपयोगाचं नव्हतं म्हणायचं," ती म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहायला लागली. ती कामात होती. मी स्वयंपाकघरात गेले.

प्लेग सरला. झोपड्या जाळल्या, गाव गावात गेलं. मी माहेरी गेले नाही. वडील न्यायला आले होते, पण आत्याबाईंनी माझ्या पदराचं टोक धरून ठेवलं होतं, लहान मूल धरतं तसं. त्यांनाही ते कळत नसावं. मी राहिले. ताराला पुढं मुलं झाली, ती मी वाढवली, त्यांची मुलं वाढवली, आता पूर्वाचे लाड करते. माझं वाईट झालं असं मी कधी म्हणणार नाही. मुलं अंगाखांद्यावर खेळली. पण मधे एक काच असायचीच. मी त्यांना न्हाऊमाखू घालायची, रागवायची, हसायची, आणि पलीकडून स्वतःला हे सगळं करताना बघायची.

त्या पावसाबद्दल आत्याबाई आणि मी एक शब्द बोललो नाही. पोर पावसानं गेली, की दिवस भरण्याआधी आली होती, की सुतकातलं जेवण माझ्या अंगी लागलं नव्हतं, कुणी सांगावं? आत्याबाईंनी स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता. भावकीत कुणाचंही दहावं असलं तरी त्या ओढ्यावर धुवायला गेल्या नाहीत. बायका नावं ठेवायच्या. "म्हातारी रीत मोडतीया," म्हणायच्या. मी कपडे घेऊन त्यांच्या वाटणीचंही धुऊन यायची. मी परत आले की त्या मला चहा करून द्यायच्या आणि तो पिऊन होईपर्यंत समोर बसायच्या.

मामंजी गेले. मग पुष्कळ वर्षांनी आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. सगळं मीच करायची. फाल्गुनातलीच दुपार होती. ढग नव्हते, लख्ख ऊन होतं, तारा आणि मुलं रानात गेली होती. मी त्यांच्या पायांना तेल चोळत होते. त्या बराच वेळ आढ्याकडे बघत होत्या.

"त्या पोरीचं नाव काय ठिवनार हुतीस गं?" त्यांनी विचारलं.

माझे हात थांबले. मी खरंच कधी ठरवलं नव्हतं. पोटुशी असताना ठरवायचं म्हणून ठेवलं, मग तार आली, मग काही ठरवण्यासारखं उरलंच नाही. इतक्या वर्षांत ती माझ्या मनातही नुसती 'पोर' होती. जे तोंडाला आलं ते मी म्हटलं.

"मालती."

"मालन," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडात ते तसंच बसलं. "मालन." त्यांनी ते दोनतीनदा घोळवलं, चव बघावी तसं. मग मान दाराकडे वळवली आणि, इतका दम त्यांच्यात कुठून आला देव जाणे, दिवेलागणीला गल्लीतल्या पोरींना घरी बोलावतात त्या सुरात त्यांनी हाक मारली.

"मालनऽऽ! ए मालनऽऽ!"

अंगणात ऊन होतं. एक कोंबडी दचकून पळाली. आत्याबाई कान देऊन पडून राहिल्या. मग पुन्हा हाक मारली, या वेळी जरा रागानं, पोर खेळाच्या नादात ऐकत नाही म्हणून.

मी ओ दिली. "आले, आजी," म्हटलं, आणि मला जे रडू फुटलं ते तारा रानातून परत आली तरी थांबलं नव्हतं.